साध्या पिंजऱ्यातल्या माश्या

भंडारा
४ डिसेंबर

वहिनी,

जय भीम. बसमध्ये चढताना तुम्ही म्हणालात, "फोन नका करू. फोन अंकुशदादाजवळ राहते, तो स्पीकर लावते. लिहायचं असन तं पत्र लिहा." म्हणून लिहितो आहे. पाकिटावरचा पत्ता दोनदा तपासला आहे.

दादाच्या पुण्यानुमोदनाला तुम्ही प्रतिक्षाला घेऊन आलात, आईला बरं वाटलं. वर्ष झालं असं मला वाटत नाही. कमी झालं असंही वाटत नाही. धानाची ट्रॉली दिसली की मी अजून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जातो, एवढंच. तिला मागे लाल दिवा आहे की नाही ते बघतो. बहुतेक वेळा नसतो. दादा ज्या ट्रॉलीवर मागून धडकला तिलाही नव्हता.

त्या दिवशी अंगणात जे बोलणं झालं ते तुम्ही आतून ऐकलं असेल. मी पाण्याचा जग घेऊन उभा होतो. विषय बाबांनीच काढला. "प्रफुल्लच्या जागी आता सुगत हाय. सून बाहेर काहून जाईन? पोट्टी बाहेर काहून वाढन? दोघाईचं लगन लावून देऊ." तुमचे भाऊ अंकुशदादा म्हणाले, "आमची ना नाई. पोराले इचारा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "पाणी देऊ का?" ते हसले. बाबा म्हणाले, "लाजते." मी लाजलो नव्हतो. मला काही सुचलं नव्हतं. त्याबद्दल मी अजून विचार केलेला नाही. करीन.

तुम्ही विचारलं होतं की मी इथे नेमकं काय करतो. आईला वाटतं मी मध काढतो. बाबा गावात, चिखल्याला, सगळ्यांना सांगतात, "पोट्टा भंडाऱ्याले माशा मारते, त्याचा पगार भेटते." तसं नाही. माझं काम त्यांना जिवंत ठेवण्याचं आहे.

कॉलेजच्या मागे जवस आणि मोहरीच्या शेतात आमच्या पेट्या आहेत. पेटीतून पोळ्याची एक चौकट आणायची, जिच्यातली घरं मेणाने बंद झालेली आहेत. ती इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. आत चौतीस अंश उष्णता पाहिजे आणि हवेत ओल पाहिजे, म्हणून खाली पाण्याचं ताट ठेवतो. काही वेळाने माश्या घराचं झाकण कुरतडून बाहेर येतात. नुकत्याच निघालेल्या माश्या राखाडी असतात, मऊ, आणि त्यांना डंख मारता येत नाही. त्यांना हातानेच उचलून पिंजऱ्यात सोडतो. पिंजरा म्हणजे प्लास्टिकचा डबा, छिद्रं पाडलेला. वरून साखरेच्या पाण्याची सिरिंज, आत परागाची गोळी. माश्या अंधारात राहतात. मेलेल्या रोज सकाळी चिमट्याने काढतो.

अर्ध्या पिंजऱ्यांना साखरेच्या पाण्यातून धानावर फवारतात ते औषध अगदी थोडं देतात. बाकीच्यांना काहीच नाही, नुसतं साखरपाणी. त्यांना आम्ही साधे पिंजरे म्हणतो. आमच्या प्रयोगशाळेच्या रुपा मॅडम सांगतात, सगळा जीव साध्या पिंजऱ्यात आहे. साध्यातल्याच माश्या जास्त मेल्या तर औषधाने काय झालं ते कळणारच नाही, सगळं काम फुकट जाईल.

म्हणून मी तेल लावत नाही, वासाचा साबण लावत नाही, खोलीत अगरबत्ती लावत नाही. पावडर तर नाहीच.

तब्येतीला जपा. प्रतिक्षाला माझा पापा.

सुगत


दिघोरी
१२ डिसेंबर

सुगत,

वर काय लिहावं यात बराच वेळ गेला. नेहमीसारखं 'भाऊजी' लिहिणार होते. माझी आई मागे उभी होती. म्हणाली, "आता भाऊजी म्हणनं सोड. लोकं हासतीन." म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. तुम्हाला विचित्र वाटेल. मलाही वाटलं.

तुमचं पत्र मी दोन वेळा वाचलं. मधमाश्यांचं सगळं समजलं. दुसरं जे समजायला हवं होतं ते त्यात नव्हतं.

तेव्हा मीच सरळ विचारते. घरात आपल्या दोघांचं ठरवत आहेत. तुमच्या मनात काय आहे ते मला कोणी सांगत नाही. मी विचारलं तर वहिनी, म्हणजे अंकुशदादाची बायको, डोळा मारून म्हणते, "घाई झाली का बाई?" तुम्ही मला हो किंवा नाही लिहून कळवा.

मी स्वतः नाही म्हणू शकत नाही, पण मला तोंड नाही असं समजू नका. मी नाही म्हटलं तर तुमचे बाबा म्हणतील, ठीक आहे, मग प्रतिक्षा चिखल्याची पोरगी आहे, ती इथे ठेवून जा. हे ते त्या दिवशी बोललेही आहेत, तुम्ही पाणी आणायला गेला होता तेव्हा. अंकुशदादाने मान डोलावली. तुम्ही नाही म्हटलं तर एवढंच होईल की पोराच्या मनात नाही. तुम्हाला चार दिवस बोलतील. माझी पोरगी जाणार नाही.

हो म्हणायचं असेल तर तसं म्हणा. मी भांडणार नाही. खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नाही. सकाळी उठते, चूल पेटवते, प्रतिक्षाची वेणी घालते, तळ्यावर जाऊन कपडे धुते. कोणी विचारलं कशी आहेस, तर चांगली आहे म्हणते आणि ते खोटंही वाटत नाही. हो म्हटलं तरी असंच राहीन. याचीच मला भीती वाटते.

गावातल्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून माझी निवड झाली आहे. पुढच्या महिन्यात हजर व्हायचं आहे. त्यासाठी दिघोरीतच राहावं लागतं. हे घरात कोणाला मोठं वाटत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

पत्र घरच्या पत्त्यावर नाही, अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवा.

दीपमाला


भंडारा
२१ डिसेंबर

वहिनी,

मी वहिनीच लिहितो आहे, दुसरं काही लिहायला मला जमणार नाही. तुमचं पत्र मिळालं. अंगणवाडीचं ऐकून आनंद झाला. हजर होण्याच्या दिवशी निवासाचा दाखला बरोबर ठेवा आणि त्याची एक झेरॉक्स जास्त काढा.

तुम्ही विचारलं ते माझ्या लक्षात आहे. मी शनिवारी चिखल्याला गेलो तेव्हा आईशी बोलायचं ठरवलं होतं. गेलो तर आई चुलीजवळ बसून हसत होती. वर्षभरात मी तिला हसताना पाहिलं नाही. प्रतिक्षा आली की कुठे झोपेल, कोणत्या शाळेत जाईल, तिच्यासाठी बोरं कुठून आणायची, हेच बोलत होती. "माया लाडीले सिहोऱ्याच्या बाजारातून छमछम वाजनाऱ्या पायपट्ट्या घेईन," म्हणाली. गेल्या उन्हाळ्यात ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, तेव्हा बाबा मला म्हणाले होते, "हे बाई आता उठत नाई." ती उठली आहे. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "भाजीत मीठ कमी आहे." मीठ बरोबर होतं.

पण मी बोलीन.

निघताना थंडी फार होती. मी नुसत्या शर्टावर होतो. आईने ट्रंक उघडली, दादाचं निळं स्वेटर काढलं, तुम्ही विणलेलं, आणि माझ्या हातात दिलं. "घाल." घातलं. अंगाला बरोबर बसतं. डावी बाही लांब आहे, ती दुमडून घेतो. आई बराच वेळ बघत राहिली. तिला थंडी वाजत असेल असं वाटलं, म्हणून मी दार ओढून घेतलं. आता इथे खोलीत रात्रंदिवस तेच अंगात असतं. खोलीला पत्रा आहे.

इकडे कामाची गडबड आहे. नवे पिंजरे लागले आहेत. पिंजऱ्यात राणी नसते. राणी नसली की माश्या सैरभैर होतात, एकमेकींना ओढतात, लवकर मरतात. म्हणून मॅडमनी बाहेरून पट्ट्या मागवल्या आहेत. लहानशी प्लास्टिकची पट्टी, तिला राणीचा वास दिलेला असतो. ती आत लटकवली की माश्या तिच्याभोवती गोळा होतात, तिला चाटतात, आणि शांत होतात. मी विचारलं, "मॅडम, यांना कळत नाही का ही पट्टी आहे?" मॅडम म्हणाल्या, "त्यांना शांत व्हायचं असतं, सुगत." मी ते लिहून घेतलं, पण ते कामाचं नव्हतं.

साध्या पिंजऱ्यांतल्या माश्या चांगल्या आहेत. सकाळी झाकण उघडलं की एकच आवाज येतो, भात शिजत असल्यासारखा.

सुगत


दिघोरी
३१ डिसेंबर

सुगत,

परवा तुमच्या आईंचा फोन आला. अंकुशदादाने नेहमीप्रमाणे स्पीकर लावला. आई म्हणाल्या, "मी काही जबरदस्ती नाई केली. भावाचं स्वेटर हातात देल्लं, पोरानं आपल्या मनानं अंगात घातलं. आता यापरीस तो काय बोलन? त्याचं हो हाय." इकडे सगळे हसले. आई, माझी आई, म्हणाली, "गुणाचा हाय पोरगा. तोंडानं नाई बोलला, करून दाखवलं." वहिनीने साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली. माझ्याही.

त्याच दिवशी दुपारी तुमचं पत्र मिळालं. त्यात थंडी होती असं लिहिलं आहे. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. पत्रात मी विचारलेल्याचं उत्तर नाही आणि स्वेटर आहे. तेव्हा तेच उत्तर आहे असं मी धरलं.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी तुमच्याकडची माणसं इथे येणार, तारीख काढायला. अंगणवाडीच्या सेविकाबाईंना मी अजून सांगितलेलं नाही की मी येणार नाही.

प्रतिक्षाला सांगितलं की काकाला आता काका म्हणायचं नाही. तिने विचारलं, "मंग काय म्हनू?" मी म्हटलं, नंतर सांगते. ती वाट बघत राहिली आणि खेळायला गेली.

ती बाही मीच चुकवली होती. पहिलंच विणकाम होतं. त्यांनी कधी उसवू दिली नाही.

दीपमाला


भंडारा
७ जानेवारी

वहिनी,

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. त्याच दिवशी इथे एक गोष्ट झाली. दोन्ही एका दिवशी झाल्यामुळे मला आधी काय लिहावं ते कळत नाही. जसं झालं तसं लिहितो.

सोमवारी सकाळी धुकं होतं. मी पिंजऱ्यांना साखरपाणी देत होतो तेव्हा वीज गेली. चौकीदार इश्वरभाऊ येऊन म्हणाले, "डीपी जळली बाप्पा. आज काही येत नाई लाइन." जनरेटर सुरू होईना. मॅडम नागपूरला होत्या. फोन केला तर म्हणाल्या, "ऊब जाऊ देऊ नकोस, मी निघाले." इन्क्युबेटरचा काटा खाली येऊ लागला. मी थर्माकोलची मोठी पेटी आणली, बाटल्यांत गरम पाणी भरलं, पिंजरे आत ठेवले. तरी मला वाटलं पुरणार नाही. औषधाच्या पिंजऱ्यांना दुपट्टा गुंडाळला. साधे पिंजरे दुसऱ्या पेटीत वेगळे काढले. सगळा जीव त्यांच्यात असतो, म्हणून त्यांना सगळ्यात गरम कपडा पाहिजे होता. अंगातलं स्वेटर काढलं आणि त्यात नीट गुंडाळले. डाव्या बाहीने वरून बांधले. झाकण लावलं. इश्वरभाऊ म्हणाले, "लेकरासारखं गुंडाळलंस रे." मी स्वतः शर्टावर बसून राहिलो.

तेव्हाच पोस्टमन आला आणि मी तुमचं पत्र वाचलं. वाचून घडी करून खिशात ठेवलं. बाटल्यांतलं पाणी बदलायची वेळ झाली होती, ते बदललं.

दुपारनंतर मॅडम आल्या. दारातच थांबल्या. "सुगत, डांबरगोळ्या कुठे ठेवल्यास?" मी म्हणालो, "नाही ठेवल्या मॅडम." त्या वास घेत पेटीपर्यंत आल्या, झाकण उघडलं आणि स्वेटर बाहेर काढलं.

साध्या पिंजऱ्यांतल्या माश्या सगळ्या तळाला होत्या. सोंड बाहेर आलेली, पंख पसरलेले. थोड्या पाय हलवत होत्या, त्याही नंतर थांबल्या. औषध दिलेल्या पिंजऱ्यांत आवाज चालू होता.

आईने ट्रंकेत दादाच्या कपड्यांत डांबरगोळ्या टाकून ठेवल्या होत्या. वर्षभर तो वास त्या लोकरीत मुरला होता. आणि मला तो येतच नव्हता, वहिनी. मी ते घालून झोपत होतो. मॅडमनी स्वेटर माझ्या नाकाजवळ धरलं, मी जोरात श्वास घेतला, तरी काही आलं नाही. मी साबण बदलतो, तेल लावत नाही, आणि हे अंगात घालून रोज आत जात होतो.

मॅडम ओरडल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या, म्हणाल्या, "परत पहिल्यापासून." मी चिमटा घेऊन पिंजरे रिकामे केले. रोज एकेक काढायची सवय आहे, म्हणून एकेकच काढत बसलो. इश्वरभाऊ म्हणाले, "उलटा करून झटकून दे ना." तसं करता आलं असतं.

स्वेटर मी बाहेर खिळ्याला टांगलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि वास आला. नाकात टोचला. मी जवळ जाऊन गळ्याशी, काखेशी वास घेतला. मला वाटलं होतं खाली कुठेतरी दादाचा असेल. नव्हता. नुसत्या गोळ्यांचा होता.

मी थंडी होती म्हणून स्वेटर घातलं. पत्रात लिहिलं तेवढंच खरं आहे. आई बघत होती ते कशासाठी, हे मला तुमच्या पत्रावरून कळलं. मी हो म्हटलेलं नाही. नाहीसुद्धा म्हटलं नाही, कारण मला वाटलं काही न म्हटलं तर कोणाला काही होणार नाही, सगळे शांत राहतील.

रविवारी मी चिखल्याला जाणार होतो. जाऊन काय बोलायचं ते मला तुमच्याकडून एकदा ऐकायचं आहे. म्हणून एक रविवार थांबतो.

सुगत


दिघोरी
१३ जानेवारी

सुगत,

पत्र वाचून मला आधी हसू आलं. इतकं जपणारा माणूस. मग रडू येईल असं वाटलं म्हणून परसात गेले. आलं नाही. तुरीच्या शेंगा तोडून परत आले.

तुम्हाला ऐकायचं आहे ते लिहिते. मला तुमच्याशी लग्न करायचं नाही. हे वाक्य मी पहिल्यांदाच कुठे मांडलं. मांडताना हात थांबला नाही, तेव्हा ते खरं असावं.

तुमच्यात काही वाईट नाही. मी लग्न करून आले तेव्हा तुम्ही दहावीची पुस्तकं घेऊन माझ्याकडे गणितं तपासायला यायचात. मला तुम्ही तसेच दिसता. त्यांच्या जागी बघायला गेले तर मला दोघंही दिसेनासे होतात.

तुमच्या आई पडून राहतील म्हणून तुम्ही घाबरता, ते मला कळतं. त्यांना सून नको आहे, प्रतिक्षा हवी आहे. तिला मी सुट्टीत पाठवीन. उन्हाळ्याची पूर्ण सुट्टी, दिवाळीची अर्धी. हे त्यांना माझ्या नावाने सांगा. मात्र ठेवून जा म्हणाले तर ठेवणार नाही, हेही सांगा.

नाही तुम्हालाच म्हणावं लागेल. लवकर म्हणा.

दीपमाला


भंडारा
२१ जानेवारी

वहिनी,

रविवारी चिखल्याला जाऊन आलो.

बसमध्ये मी वाक्य पाठ करत होतो. घरी पोचलो तर बाबा अंगणात बिडी ओढत होते आणि आई तांदूळ निवडत होती. स्वेटर पिशवीत होतं. ते काढून आईसमोर ठेवलं. आई म्हणाली, "काहून रे बाबू, वापस कायले आणलास? थंडी तं हाय अजून."

मी माश्यांचं सांगितलं. ते आधी सांगायचं नव्हतं, पण तोंडात तेच आलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणालो, "म्हणून मी हे घालणार नाही. आणि वहिनीशी लग्न करणार नाही."

बाबांनी बिडी खाली ठेवली. "म्हंजे? माशा मेल्या म्हणून लगन मोडतं? मी दिघोरीवाल्याईले काय सांगू, माशीनं ना म्हटलं?"

"माशीने नाही. मी म्हटलं."

"अबे, त्या दिवशी काहून नाई बोलला मंग? पाणी देऊ का म्हणे!"

"त्या दिवशी सुचलं नव्हतं."

"आता सुचलं?"

"हो."

बाबा बराच वेळ बोलले. लोक काय म्हणतील, पोट्टी दुसऱ्याच्या दारात वाढेल, प्रफुल्लचं नाव. खाणीत इतकी वर्षं आवाजात काम केल्यामुळे ते मोठ्यानेच बोलतात, शेजारची दारं उघडली. मी उभा राहिलो. तुमचा सुट्टीचा निरोप सांगितला. ठेवणार नाही, हेही सांगितलं. बाबा म्हणाले, "बाप मेलेल्या पोरीवर आमचा हक्क नाई का?" मी म्हणालो, "आजोबाचा आहे. सुट्टीत." बिडी विझली होती, तीच परत तोंडात धरून बसले.

आई उठून आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. ज्याची मला भीती होती तेच. मी दारात बसलो. भात मीच टाकला. कोणी जेवलं नाही, मी जेवलो. चव नव्हती, पण भूक होती.

सकाळी निघताना आई उठलेली होती. डबा भरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरगी येईन ना पण? उन्हाळ्यात?" मी म्हणालो, "पूर्ण उन्हाळा." तिने डब्याचं झाकण दाबलं. "तिच्या मायले सांगजो, डोक्याले तेल लावून पाठवजो. मागच्या बारीले केस रट्ट झाले होते." मग स्वेटर परत माझ्या पिशवीत कोंबलं. "मी ट्रंकेत नाई ठेवत आता. तूच पाह्य त्याचं."

बाबांनी अंकुशदादांना फोन केला आहे. शेवटच्या रविवारी कोणी येणार नाही. ते माझ्याशी बोलत नाहीत, बोलतील. तुम्हाला घरात बोल लागले असतील तर ते माझ्यामुळे.

इकडे नवी चौकट आणली आहे. काल माश्या निघायला लागल्या. मॅडमनी साधे पिंजरे पुन्हा माझ्याकडेच दिले. मी आत जाण्याआधी इश्वरभाऊंना हाताचा वास घ्यायला सांगतो. ते म्हणतात, "तुया हाताले तं माणसाचाबी वास नाई राह्यला."

स्वेटर बाहेरच्या खिळ्याला आहे. घालत नाही. धुवावं, कोणाला द्यावं, की राहू द्यावं, मला ठरवता येत नाही.

सुगत


दिघोरी
३० जानेवारी

भाऊजी,

इथे दोन दिवस कोणी माझ्याशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीला पोळ्या लाटायला कोणीतरी हवं होतं, तेव्हा बोलली. अंकुशदादा म्हणतो, "पोट्टं बिनकामाचं निघालं." मी मान डोलावली. राग मानू नका.

मी अंगणवाडीत हजर झाले. सकाळी मुलांचे हात धुवायचे, खिचडी वाढायची, चटया झटकायच्या. दाखल्याची जास्तीची झेरॉक्स लागली. प्रतिक्षाही तिथेच येते. काल तिने विचारलं, "काकाले काय म्हनायचं ते तू सांगतलंच नाई." मी म्हटलं, काकाच. ती म्हणाली, "मंग तं मले येतेच."

आईंना सांगा, तेल लावून पाठवीन.

ते स्वेटर धुऊ नका आणि कोणाला देऊ नका. मला पाठवा. मी अंगणात दोरीवर टाकून ठेवीन, वास जायचा तेव्हा जाईल. नाही गेला तरी चालेल. इथे मधमाश्या नाहीत.

दीपमाला